रजिस्टर दिलं म्हणजे नाटक विकलं, असं होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंदेवाही तालुक्यातल्या एका लेखकाने चार वर्षांपूर्वी तीन अंकी संगीत नाटक लिहिलं. हाताने लिहिलेलं रजिस्टर वडशाच्या एका नाट्यमंडळाच्या मालकाला दिलं, एकरकमी पैसे घेतले, कागद झाला नाही. पहिले काही हंगाम नाटक लेखकाच्या नावाने चाललं. यंदा तेच नाटक शीर्षक बदलून, दुसऱ्याच माणसाचं नाव लेखक म्हणून टाकून मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, आणि शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या मेळ्यात, उभं राहिलं. कुणीतरी त्याचं अख्खं चित्रीकरण यूट्यूबवर चढवलं. त्यातच नागपूरचा एक निर्माता या कथेवर वेब मालिका करायची म्हणून फोन करतोय. मंडळाचा मालक म्हणतो, "पैसे घेतले तेव्हाच नाटक आमचं झालं." लेखकाला विचारायचंय की हे खरं का. दोन गाणी हिंदी सिनेमाच्या चालींवर आहेत, त्याची धास्ती आहे. आणि पडदे रंगवणाऱ्या चुलतभावाचाही एक प्रश्न आहे: त्याने रंगवलेला राजवाड्याचा पडदा मंडळ दुसऱ्या कंपनीला भाड्याने देतं, आणि शाळेच्या भिंतीवरच्या त्याच्या चित्रावर चुना मारला गेला, यावर काही करता येईल का.

भाऊ, मालकाचं म्हणणं खरं नाही. मी चंद्रपूर-गडचिरोलीच्या न्यायालयांत वकिली करतो आणि झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, लेखकांकडून हा समज सतत ऐकतो: रजिस्टर हातातून गेलं की नाटक गेलं. कायदा नेमका उलट सांगतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नाटकाचा पहिला मालक त्याचा लेखक. कलम १९ सांगतं की कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी हवा आणि त्यावर लेखकाची किंवा त्याने नेमलेल्या माणसाची सही हवी. तोंडी सौद्याने कॉपीराइट हलत नाही, पैसे कितीही मोजलेले असोत. धानाची बांधी हंगामापुरती मक्त्याने दिली म्हणून सातबारा बदलत नाही, तसंच हे.

मालकाचा वकील काय म्हणेल तेही ऐकून ठेवा. तो म्हणेल, लेखकाने स्वतः रजिस्टर दिलं, पैसे घेतले, प्रयोगाला येऊन बसला, म्हणजे परवानगी होती. यात तथ्य आहे. वागण्यातून दिलेली परवानगी न्यायालयं मानतात, म्हणून तुमच्या नावाने झालेल्या जुन्या प्रयोगांवर तुम्ही आता भांडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण ती परवानगी होती तुमचं नाटक, तुमच्या नावाने, रंगमंचावर करण्याची. दुसऱ्याचं नाव लावायची, चित्रीकरण करून इंटरनेटवर टाकायची किंवा मालिकेसाठी पुढे विकायची परवानगी त्यातून निघत नाही. आणि अशी परवानगी लेखी नोटीस देऊन पुढच्यासाठी काढूनही घेता येते.

आता एक गोष्ट घरी शांतपणे आठवून पाहा. पैसे घेताना तुम्ही एखाद्या व्हाउचरवर, वहीत किंवा रेव्हेन्यू तिकिटावर सही केली होती का? त्यावर नुसतं "नाटकाचे पैसे मिळाले" असेल तर ती पावती आहे, त्याने मालकी गेली नाही. "नाटक विकत दिले" असं लिहिलेलं असेल तर मालक त्यालाच हस्तांतरणाचा करार म्हणेल. तेव्हाही सगळं संपत नाही. कलम १९ म्हणतं की करारात कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला किती हे नमूद हवं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. म्हणजे अगदी वाईट धरलं तरी चार वर्षांपूर्वीच्या त्या कागदाची मुदत पुढच्या वर्षी संपते. आणि ज्या हक्काचा उल्लेखच नाही, उदाहरणार्थ चित्रपट किंवा मालिका करण्याचा, तो तुमच्याकडेच राहतो. सही केलेल्या कागदाचा फोटो मागून घ्या, मगच पुढचं पाऊल टाका.

नाव काढल्याबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण मला यातलं सगळ्यात जास्त तेच खटकतं. आपल्याकडे लेखकाला मिळतं ते पुष्कळदा फक्त नाव. रात्री दहाला पडदा उघडून पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकात गावोगावची माणसं जे शब्द ऐकतात, ते ज्याने शेतीची कामं सांभाळून लिहिले, त्याचं नाव पत्रकावरून काढणं हा साधा अपमान नाही, कायद्याचा भंग आहे. कलम ५७ लेखकाला दोन खास हक्क देतं: हे काम माझं आहे असं सांगण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड थांबवण्याचा. समजा तुम्ही कॉपीराइट कायमचा विकला असता, तरी हे हक्क तुमच्याकडेच राहिले असते. लेखक गेल्यावर त्याचे वारसही ते बजावू शकतात. कॉपीराइटची मुदतही लांब आहे: लेखकाच्या हयातीत, आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. म्हणजे हे नाटक तुमच्या नातवंडांचीही मिळकत आहे.

शीर्षक बदललं यावर मात्र वेगळा दावा उभा राहणार नाही. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. भांडण आतल्या संवादांचं, प्रसंगांच्या मांडणीचं आणि गाण्यांचं आहे. मालक "आम्ही पुष्कळ बदल केले" असं म्हणणार. त्यासाठी एक जुना निकाल माहीत असू द्या, कारण तो नाटककाराचाच आहे. आर. जी. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' हे नाटक होतं. 'न्यू दिल्ली' हा चित्रपट त्यावरून उचलला असा त्यांचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो फेटाळला. न्यायालय म्हणालं की कल्पना, विषय, कथाबीज यांवर कुणाची मालकी नसते, मालकी असते ती मांडणीवर. दोन्ही कृती पाहिलेल्या सामान्य प्रेक्षकाला दुसरी पहिलीची नक्कल आहे असं ठामपणे वाटलं पाहिजे. म्हणजे सावकाराच्या कर्जात बुडालेल्या बापाची आणि शिकायला निघालेल्या लेकीची गोष्ट ही एकट्या तुमची नाही, झाडीपट्टीत ती शंभर जण लिहू शकतात. पण दुसऱ्या अंकातला प्रवेश, त्यातल्या संवादांचा क्रम, बापाच्या तोंडचं शेवटचं स्वगत जसंच्या तसं असेल, तर चार विनोद वाढवल्याने ते नाटक दुसऱ्याचं होत नाही. यूट्यूबवरचं चित्रीकरण इथे तुमचाच पुरावा आहे. तुमच्या रजिस्टरची पानं एका बाजूला आणि चित्रीकरणातला मिनिट-सेकंद दुसऱ्या बाजूला, असा तक्ता स्वतः बसून करा. वकिलापेक्षा तुम्ही तो जास्त चांगला कराल.

पुराव्याचं लोक फार घाबरवून सांगतात. कॉपीराइट मिळायला नोंदणीची गरज नाही. लिहिलं त्या क्षणी तो तयार होतो. तरीही नोंदणी करा, कारण नोंदवहीतली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरते. नाटकाच्या एका संहितेला शुल्क ५०० रुपये आहे, अर्ज कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो, हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. मालकाने हरकत घेतली तर सुनावणी होईल आणि वेळ जाईल, त्यामुळे नोटीस नोंदणीसाठी अडवून ठेवू नका. स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टाने पाकीट पाठवून ते बंद ठेवायचा सल्ला गावात अजून दिला जातो. त्याला फारसं वजन नाही. त्याहून भक्कम पुरावे तुमच्या घरातच असतात: खाडाखोड असलेला पहिला कच्चा मसुदा, पहिल्या हंगामातली पत्रकं आणि तिकिटं, मालकाशी झालेले व्हॉट्सॲप संदेश, पैसे आल्याची बँकेतली किंवा फोनपेची नोंद. नाटक रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवलं असेल तर त्याचं प्रमाणपत्र आणि शिक्का मारलेली प्रत शोधा. ते प्रमाणपत्र मालकी देत नाही, पण अमुक तारखेला ही संहिता तुमच्या नावाने अस्तित्वात होती हे सरकारी कागदावर सिद्ध होतं. मोबाइलमधले संदेश पुसू नका आणि फोनही बदलू नका; इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

यूट्यूबचं काम वेगळं आणि तुलनेने लवकर होणारं आहे. तिथे कॉपीराइट तक्रारीचा अर्ज आहे, तो स्वतःच्या नावाने भरा, वकील लागत नाही. आपला कायदाही मदतीला आहे: योग्य तक्रार पोचल्यावर अशा मंचाने ३६ तासांत मजकुराची उपलब्धता थांबवायची असते, आणि २१ दिवसांत तुम्ही न्यायालयाचा आदेश दाखवला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. म्हणून आधी पूर्ण चित्रीकरण उतरवून ठेवा, दुव्याचा, चॅनेलचा आणि तारखेचा स्क्रीनशॉट घ्या, मगच तक्रार करा. चित्रीकरण करणारा मुलगा गावातलाच असतो, "दादा, चुकलं" म्हणून स्वतःच काढतो. त्याच्याशी आधी बोललात तरी माझी हरकत नाही, फक्त पुरावा आधी जमवा.

त्या चित्रीकरणात नटांचाही हक्क अडकलेला आहे, हे आपल्याकडे कुणी सांगतच नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलाकारांचे हक्क भक्कम झाले. नट, गायिका, नर्तकी, वादक या सगळ्यांना आपल्या प्रयोगाचं ध्वनी-चित्रमुद्रण करू द्यायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क आहे, आणि तो ५० वर्षं टिकतो. नाव लावलं जाण्याचा हक्कही आहे. धानाच्या रोवणीची गाणी म्हणणाऱ्या बायांची गाणी मोबाइलवर टिपून चॅनेल चालवणाऱ्यांनाही हे लागू पडतं. गाणं परंपरेचं असेल, त्याचा कुणी एक मालक नसेल, पण त्या बाईचा आवाज आणि ते म्हणणं तिचं आहे. दंडार या लोकनाट्यातलं पद तुम्ही नाटकात घेतलंय, त्यात काही गैर नाही. मूळ पदावर तुम्हाला मालकी सांगता येणार नाही. तुम्ही जोडलेली नवी कडवी तुमची.

आता सिनेमाच्या चालींचं. इथे मी तुमची बाजू घेऊ शकत नाही. शब्द तुमचे असले तरी चाल संगीतकाराची किंवा ज्या कंपनीला त्याने ती दिली तिची. तिकीट लावून लोकांसमोर ती वाजवायची तर परवाना लागतो. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला कलम ५२ सूट देतं, म्हणून गणपतीत गावातल्या पोरांनी विनातिकीट नाटक केलं तर तिथे अडचण नाही. शंकरपटातला तिकिटाचा प्रयोग त्यात बसत नाही. आजवर झाडीपट्टीत सहसा कुणी विचारायला आलं नाही, हे खरं. पण वेब मालिकेचा निर्माता पहिल्याच कागदात तुमच्याकडून लिहून घेईल की यातलं सगळं माझं स्वतःचं आहे आणि कुणी दावा केला तर नुकसान मी भरून देईन. तेव्हा ती दोन गाणी तुमच्या गळ्याशी येतील. दोन्हींना नवी चाल लावून घ्या. चांगला ऑर्गन वाजवणारा मास्तर तुमच्या नाटकातच असेल. फक्त त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या, कारण नवी चाल त्याची होईल, तुमची नाही.

मालकाविरुद्ध काय करायचं? पोलिसात जाता येतं. जाणूनबुजून कॉपीराइटचा भंग केला तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. तरीही मी तुम्हाला आधी ठाण्यात जायला सांगणार नाही. तोंडी व्यवहाराचं भांडण म्हणून ठाणेदार तुम्हाला दिवाणीत जा म्हणण्याची शक्यता मोठी, आणि ज्या बाजारात तुम्हाला पुढचं नाटक द्यायचंय तिथली दारं उगाच बंद होतात. आधी नोटीस द्या: नाव लावा, चित्रीकरण काढा, अमुक तारखेनंतरचे प्रयोग लेखी कराराशिवाय थांबवा, यंदाच्या प्रयोगांचा हिशेब द्या. नोटिशीत आणि गावात बोलताना जेवढं सिद्ध करता येईल तेवढंच म्हणा. बिनबुडाच्या धमक्या दिल्या तर कलम ६० खाली समोरचाच तुमच्यावर दावा करू शकतो. फेसबुकवर 'नाटकचोर' म्हणून त्याचा फोटो टाकणं तर बिलकुल नको.

नोटिशीने भागलं नाही तर दावा जिल्हा न्यायालयात, आणि तो तुम्हाला चंद्रपूरला लावता येतो. कलम ६२ ने ज्याचा हक्क मारला गेला त्याला तो राहतो तिथे दावा लावायची मुभा दिली आहे, म्हणून मंडळ वडशाचं म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं असलं तरी तिकडे जाणं भाग नाही. तुमच्याकडच्या गावांत झालेल्या प्रयोगांची पत्रकं मात्र जोडा, म्हणजे हद्दीचा वाद उठणार नाही. मागणी तीन लाखांची किंवा वरची असेल तर तो वाणिज्यिक दावा होतो आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीला जावंच लागतं. ती मध्यस्थी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात होते. अशा भांडणाला मला मध्यस्थीच बरी वाटते: मालकाला नाटक चालवायचंय, तुम्हाला नाव आणि प्रयोगामागे पैसे हवेत, दोन्ही एकाच टेबलावर जमू शकतं. अनुसूचित जाती-जमातीच्या लेखकांना आणि सगळ्या स्त्रियांना या प्राधिकरणाकडून वकीलही मोफत मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. नुकसानभरपाईसाठी मुदत भंगाच्या तारखेपासून तीन वर्षं. प्रत्येक नवा प्रयोग हा नवा भंग असतो, पण जुने हंगाम हातातून सुटत जातात, तेव्हा होळीनंतर बघू म्हणून ढकलत राहू नका.

निर्मात्याला सध्या तोंडी होकार देऊ नका, कथा फोनवर सविस्तर सांगू नका, आणि वडशाचा वाद त्याच्यापासून लपवूही नका. त्याचा करार आला की 'कायमस्वरूपी', 'सर्व माध्यमे', 'संपूर्ण जग' हे शब्द शोधा. करार झाला तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या माध्यमाचे हक्क, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर, कलम १८ प्रमाणे जात नाहीत. तुमचं लेखन ज्या चित्रकृतीत वापरलं जाईल ती चित्रपटगृहाबाहेर दाखवली गेली तर रॉयल्टीत तुमचा वाटा राहतो, आणि तो निर्मात्याच्या नावे सोडून देणारं कलम करारात टाकलं तरी ते टिकत नाही. नाटकाचे हक्क मात्र स्वतंत्र ठेवा. मालिका झाली म्हणून रंगमंचावरचे प्रयोग बंद पडायला नकोत.

चुलतभावाचं थोडक्यात. पैसे घेऊन सांगितल्याबरहुकूम रंगवलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. नाटक लेखकाच्या बाबतीत कायदा वागतो तसा इथे वागत नाही, हे मलाही बोचतं. म्हणून मंडळ तो राजवाड्याचा पडदा दुसऱ्या कंपनीला भाड्याने देत असेल तर ते अडवता येणार नाही. पुढच्या पडद्यापासून "चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील" एवढी ओळ बिलावरच छापून, समोरच्याची सही घ्यावी. शाळेच्या भिंतीवरच्या चित्रावर चुना मारला त्याबद्दल: अमरनाथ सेहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प काढून टाकलं गेलं, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांना ते परत देववलं आणि पाच लाख भरपाईही दिली. पण ते राष्ट्रीय महत्त्वाचं शिल्प होतं, आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने आख्खी इमारत पाडल्याबद्दल वास्तुविशारद राज रेवाल यांचा दावा मान्य केला नाही. शाळेच्या भिंतीसाठी मी दावा लावायला सांगणार नाही.

पुढचं नाटक देताना मालक म्हणेलच, "कागद कायले पायजे भाऊ, आपलं तं घरचंच आहे." तरी हा कागद पुढे करा. त्यावर एवढंच हवं:

"मी, अमुक, माझ्या अमुक नावाच्या तीन अंकी नाटकाचे मराठी रंगमंचीय प्रयोग करण्याची परवानगी अमुक मंडळास देत आहे. मुदत: अमुक तारखेपासून दोन हंगाम. प्रदेश: चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया जिल्हे. मोबदला: प्रयोगामागे अमुक रुपये, दर महिनाअखेर हिशेबासह. पत्रक, तिकीट व घोषणेत लेखक म्हणून माझेच नाव राहील. संहितेत मोठा बदल माझ्या लेखी संमतीने. चित्रीकरण, प्रसारण, चित्रपट, मालिका व अनुवाद यांचे हक्क दिलेले नाहीत. कॉपीराइट माझ्याकडेच आहे."

दोघांच्या सह्या, तारीख, दोन साक्षीदार, रजिस्टरच्या प्रत्येक पानावर तुमची आणि मालकाची छोटी सही. ५०० चा स्टॅम्प घ्यावा का असं तुम्ही विचाराल: घ्या, पुढे कागद पुराव्यात घेताना मुद्रांकाचा अडथळा येऊ नये म्हणून; पण मोबदला मोठा असेल तर किती मुद्रांक लागेल ते तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या. आणि मूळ रजिस्टर देऊ नका. झेरॉक्स द्या.